मागच्या बाकावर आधी बसा, पॅनेलचं मग बघू

(शिक्षकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातून केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकारी म्हणून, निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेला दोन इंटरॅक्टिव्ह पॅनेल (बोटानं चालणारे मोठे पडदे) दिली. बसवायला आलेल्या माणसानं एका दुपारी तीन तास सगळ्यांना प्रशिक्षण दिलं. आज एक पॅनेल स्नेहसंमेलनाच्या तालमीला गाणी लावायच्या कामाचं उरलंय. दुसऱ्याला आमच्या एका बाईंनी कव्हर शिवून घातलंय, झालरीसकट. देणारे विचारतात, वापर होतो ना? आता संस्थेनं वर्षभराच्या प्रशिक्षणाचा आराखडा मागितलाय आणि २०,००० रुपये मंजूर केलेत. शिक्षक १४, त्यातले ३ दोन वर्षांत निवृत्त होतील. कोणकोणती सत्रं ठेवू? व्याख्याते कोण बोलवू?
— मुख्याध्यापिका, तासगाव तालुका

उत्तर : मॅडम, त्या झालरवाल्या बाईंवर रागावू नका. वस्तूची किंमत ज्याला कळते तोच ती झाकून ठेवतो. आपल्या घरातही नवा मिक्सर पाहुणे येईपर्यंत टॉवेलाखालीच असतो.

आणि तीन तासांच्या त्या प्रशिक्षणाला हसायचा मला तरी अधिकार नाही. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्य सरकारचा कार्यक्रम सुरू झाला, आणि लोकवर्गणीतून गावोगाव डिजिटल वर्ग उभे राहायला लागले. पुढच्याच पावसाळ्यात जावळी तालुक्यात मी सुलभक म्हणून साठेक शिक्षकांना एका हॉलमध्ये कोंडलं. मेढ्याकडचा पाऊस पत्र्यावर असा वाजत होता, की माईक असून मागच्या रांगेला काही ऐकू येत नव्हतं. सत्तर स्लाइड्स होत्या माझ्या. लाइट दोनदा गेली. चार वाजता प्रमाणपत्रं वाटली, पाचला सगळे एसटी गाठायला पळाले आणि मी खूश. दोन महिन्यांनी त्यातल्या एका शाळेत गेले, तर टीव्ही खोक्यातच आणि खोक्यावर पोषण आहाराचा वजनकाटा.

तिथले गुरुजी वयानं मोठे. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही दाखवलंत ते भारीच होतं. पण माझी तिसरीची पोरं बावन्नातनं सत्तावीस वजा केले की पस्तीस लिहितात. त्याचं तुमच्या टीव्हीत काय आहे का?"

माझ्या सत्तर स्लाइड्समध्ये त्या पस्तिसाचं काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी परत गेले आणि मागच्या बस्करावर मांडी घालून बसले. काही शिकवलं नाही, नुसतं बघितलं. पोरं मोठ्यातनं लहान काढत होती. सातातनं दोन गेले पाच, पाचातनं दोन गेले तीन, झाले पस्तीस. गुरुजींना हे ठाऊक होतं. ते काड्यांचे गठ्ठे घेऊन दशक सुटा करून दाखवत होते, आणि अगदी बरोबर दाखवत होते. फक्त मी बसले होते तिथनं मला त्यांची कोपरं दिसत होती. माझ्या शेजारच्या पोरीलाही तेवढंच दिसत होतं. वर्गात ३१ मुलं, गठ्ठा गुरुजींच्या मुठीत, आणि रबर सुटण्याचा तो क्षण पहिल्या दोन रांगांपुरता.

मग आम्ही दोघांनी मिळून काय केलं? टेबलावर पुस्तकांच्या दोन थप्प्या रचल्या, त्यांवर मोबाइल आडवा ठेवला, कॅमेरा खाली टेबलाकडे. तारेनं मोबाइल टीव्हीला जोडला. गुरुजींनी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या कॅमेऱ्याखाली मांडल्या. सात काढायच्या, आहेत दोन. त्यांनी एका गठ्ठ्याचा रबर ओढला आणि दहा काड्या टीव्हीभर पसरल्या. माझ्या शेजारची पोर उभीच राहिली, "गुरुजी, आता सुट्या बारा झाल्या!" सगळा प्रकार सहा मिनिटांचा. ॲप नाही, इंटरनेट नाही. त्यानंतर टीव्ही कधी खोक्यात गेला नाही, कारण तो लावायचं कारण आता गुरुजींचं स्वतःचं होतं.

म्हणून माझं म्हणणं, सत्रं कोणती ठेवू हा प्रश्नच बाजूला ठेवा. चौदा जणांना एकेकटं गाठून एवढंच विचारा, "तुमचा दर वर्षी अडणारा पाठ कोणता?" चौदा उत्तरं चौदा प्रकारची येतील. तोच तुमचा आराखडा.

हा काही माझ्या एकटीचा शोध नाही. ब्रूस जॉयस आणि बेव्हरली शॉवर्स हे अमेरिकन संशोधक १९८० पासून हेच मांडत आले. माहिती दिली, प्रात्यक्षिक दाखवलं, हॉलमध्ये सरावही करून घेतला, तरी त्यातलं वर्गात फार थोडं पोचतं. शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्या शेजारी राहून कुणी पाठपुरावा केला, तर मात्र ते मुरतं. त्यांनी याला कोचिंग म्हटलं. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की क्लासच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी आपली 'सोबत' म्हणते.

ही सोबत तुम्ही स्वतः करू नका. वाईट वाटून घेऊ नका, पण ज्यांचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता त्यांच्या वर्गात तुम्ही मागे जाऊन बसलात, की ती तपासणीच होते. त्या दिवशी शिक्षक त्यांचा पाठ झालेला, पोरांना तोंडपाठ असलेला धडाच घेणार. मी केंद्रप्रमुख असताना मला हे फार नडलं. शेवटी मी दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. भेटीच्या वहीत शेरा, आणि सोबतीच्या पाठाची टिपणं सुट्या कागदावर. तो कागद निघताना त्याच शिक्षकाच्या टेबलावर ठेवून यायचा, नक्कल करायची नाही. हे कळायला लोकांना वर्ष लागलं. तुमच्याकडे एखादी अशी बाई किंवा सर शोधा, जिच्यापुढे बाकीचे न लाजता "मला येत नाही" म्हणतात. ती व्यक्ती कॉम्प्युटरात हुशार असायला हवी असं नाही. मला तर कव्हर शिवणाऱ्या बाईच योग्य वाटतायत, पण ते तुम्ही बघा. त्यांना आठवड्याला चार तास मोकळे करून द्या. तुमच्या २०,००० तला मोठा भाग तिकडेच जाऊ दे. गावातल्या बी.एड. झालेल्या एखाद्या मुलीला मानधन देऊन ते चार तास भरून काढा. थोडे पैसे लांब एचडीएमआय केबल आणि चांगला एक्स्टेंशन बोर्ड यांना. व्याख्यात्याला शून्य.

पहिल्या फेरीत फक्त तिघे घ्या, चौदा नकोत. आणि त्यात निवृत्तीला आलेल्यांपैकी एक हवाच. सगळे म्हणतील, त्यांना कशाला आता त्रास? मला उलटा अनुभव आहे. कुठं अडतं हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं. समजा, तुमचे गणिताचे सर आहेत. फळ्यावर दोरी धरून वर्तुळ काढतात, कंपासलाही लाजवेल असं. दहावीला ते सांगतात, वर्तुळाच्या एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात. फळ्यावर दोन-तीन कोन काढून दाखवतात आणि बाकी पोरांनी विश्वासावर घ्यायचं. जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर पॅनेलवर उघडा, वर्तुळावरचा बिंदू बोटानं सरकवा. कोन ४० अंश आहे तो ४० च राहतो, कितीही फिरवा. बिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर गेला की १४० होतो, आणि मग वर्गातूनच "का?" येतं. त्या "का"साठी सर तीस वर्षं शिकवतायत. (एक आधी करून ठेवा. कोन १८० अंशांच्या आतच दाखव, अशी सेटिंग. नाहीतर पॅनेल १४० च्या जागी २२० दाखवतं आणि सरांचा पाठ हसण्यावारी जातो. हे मी स्वतः भर वर्गात भोगलंय.)

फेरी साधारण तीन आठवड्यांची. आधी एक तास नुसतं मागे बसायचं. मग दोघांनी मिळून तो एकच अडणारा पाठ ठरवायचा, मोकळ्या वर्गात एकदा करून बघायचा, मग मुलांपुढे. परत मागे बसायचं. मागे बसून काय लिहायचं? घड्याळ. एका हायस्कूलमधला माझा कागद असा होता : ३.०० घंटा, ३.०४ बटण सापडलं, ३.०७ पासवर्ड चुकला, ३.११ पहिलं चित्र, ३.१२ मुलं गप्प. त्या शिक्षिकेला कळायचं ते त्या पाच ओळींत कळलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीतच दोन मुली पॅनेल सुरू करून ठेवायला लागल्या.

आणि पाठ संपल्यावर "छान झाला हं" म्हणून निघून जायचं नाही. छान म्हटलं की बोलणंच संपतं. त्यापेक्षा, "तिसऱ्या बाकावरचा मुलगा दोनदा मागे वळला, काय झालं असेल?" असं काहीतरी विचारा. पुढची वीस मिनिटं तेच बोलतील.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर वर्षभराचा आराखडा ही कागदावरचीच गोष्ट. जूनचा अर्धा प्रवेश आणि पुस्तकांत जातो. तुमच्या तासगावात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी रथोत्सव, त्या आठवड्यात पॅनेल कोण लावतंय? पुढे सत्र परीक्षा, दिवाळी, सहली, संमेलन, आणि फेब्रुवारीपासून दहावीशिवाय दुसरं काही दिसत नाही. जुलै ते गणपती एक फेरी, दिवाळीनंतर दुसरी. वर्षात सहा शिक्षक झाले तर मी तुम्हाला सातारी कंदी पेढे पाठवीन. संस्थेला सहा हा आकडा लहान वाटला, तर त्यांना राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० दाखवा. प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी त्यात अपेक्षा आहे. हे तास हॉलमध्ये खुर्च्या मांडूनच भरले पाहिजेत, असं मला तरी वाटत नाही. दुसऱ्याच्या वर्गात मागे बसलेला प्रत्येक तास नोंदवून ठेवा.

तुमचं काम राहिलंच. पॅनेलवरचा पहिला पाठ तुम्ही घ्या आणि स्टाफला बघायला बोलवा. तो थोडा फसला तर उत्तम.

प्रश्न : ताई, मी पाटण तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. केंद्रात मी 'तंत्रस्नेही' म्हणून ओळखला जातो, काही जण थट्टेनं "आमचे डिसले गुरुजी" म्हणतात. परिणाम असा, की ऑनलाइन माहिती भरायची असो, कोर्सचं लॉगिन असो की टीव्ही लागत नसो, सगळे मला फोन करतात. केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, मी प्रात्यक्षिक देतो, सगळे माना डोलावतात आणि सोमवारी परत फोन. बरेच जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, नाही म्हणता येत नाही. रेंजचं तर विचारूच नका.
— एक शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : सर, परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला तो दुसऱ्यांचे लॉगिन करून दिल्याबद्दल नव्हे, हे थट्टा करणाऱ्यांना हसत हसत सांगा.

तुमची चूक एकच. तुम्ही माउस हातात घेता. खरं सांगा, समोरचा चाचपडायला लागला की तुमचा हात पुढे जातोच ना? माझाही जायचा. मग मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागले. मोठ्या माणसाला आपण काम करून दिलं की तो आशीर्वाद देतो आणि विसरतो. त्याच्याच बोटानं झालं की तो लिहून ठेवतो. असे एक गुरुजी होते आमच्याकडे, निवृत्तीला दीड वर्ष. त्यांनी उसाच्या हिशेबाच्या डायरीत मागच्या पानावर लिहिलं होतं :

"१. फोनची तार खोचणे. २. टीव्ही 'सोर्स' विचारेल, तिथे दुसरे घर दाबणे. ३. पडदा काळा राहिला तर घाबरू नये, तार काढून परत खोचणे. ४. तरी काळाच, तर गोष्ट सांगणे."

त्या पानाचा फोटो मी सगळ्या केंद्राला पाठवला. माझ्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा तो जास्त चालला. चौथी पायरी तर मी अजून सगळ्यांना सांगते.

तेव्हा शिक्षण परिषदेत तुम्ही प्रात्यक्षिक देणं थांबवा. केंद्रप्रमुखांकडून पंचवीस मिनिटं मागून घ्या आणि दर महिन्याला एका ज्येष्ठ गुरुजींना उभं करा. त्यांच्या वर्गात काय लागलं, काय नाही लागलं, त्यांच्या शब्दांत. महिनाभर आधी तुम्ही त्यांच्या शाळेत दोनदा जा, गुपचूप. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, काहीतरी मागा. "गुरुजी, माझं फळ्यावरचं अक्षर सुधारून द्या" म्हणा. किंवा चार इयत्ता एका खोलीत कशा सांभाळता ते विचारा. हे त्यांना खरंच येतं आणि तुम्हाला खरंच येत नसणार. देवाणघेवाण झाली की वयाचा संकोच जातो.

माहिती भरायच्या फोनचं मात्र कडक व्हा. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, तुमच्या शाळेत, स्वतःचा फोन आणि स्वतःचा पासवर्ड घेऊन यायचं. पासवर्ड विसरलेल्यांनी आधी वही आणायची. पहिल्या शनिवारी दोघे येतील. बाकीचे रागावतील, मग येतील.

रेंजवर रडत बसण्यात अर्थ नाही, कोयनेच्या डोंगरात टॉवर वाढायची वाट बघेपर्यंत पोरं सातवी पास होतील. बाजाराच्या दिवशी पाटणला उतरलात की लागेल ते उतरवून घ्या. सरकारच्या दीक्षा ॲपमधला पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा बराच मजकूर फोनवर साठवून ठेवता येतो. वरच्या वर्गांना विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, फुकट. त्यातली बरीच मराठीत आहेत आणि एकदा उतरवली की इंटरनेटशिवाय चालतात. विजेचं सर्किट जोडायचं त्यातलं एक आहे, ते आधी स्वतः खेळून बघा. बॅटरीला थेट तार जोडली की आग लागते. पोरं तेच दहा वेळा करतात, करू द्या.

प्रश्न : आमचे सहकारी आता एआयकडून स्वाध्याय आणि घटक चाचण्या काढून घेतात. यावर प्रशिक्षण ठेवावं की बंदी घालावी?
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर : बंदी घातली तर घरी जाऊन करतील. प्रशिक्षणाचं म्हणाल तर स्टाफरूममध्ये चाळीस मिनिटं, चहा आणि लाल पेन एवढं पुरे. मुलांची नावं, गुण, घरची परिस्थिती यातलं काहीही त्यात टाकायचं नाही, हे पहिल्या मिनिटाला सांगून टाका. मग सगळ्यांनी मिळून पाचवीसाठी पाच शाब्दिक उदाहरणं मागा, छापा, आणि चुका शोधा.

आम्ही हे सांगलीजवळच्या एका शाळेत केलं. दोन उदाहरणं चांगली निघाली. बाकीच्यांपैकी एकात सहलीला १५० मुलं, एका बसमध्ये ४८ बसतात, तर बस किती? उत्तर ३.१२५. यावर गणिताच्या बाई इतक्या हसल्या, की म्हणाल्या, हे असंच ठेवू, पोरांना चूक शोधायला देऊ. दुसरं होतं तासगावच्या शेतकऱ्याचं. त्यानं ऑगस्टमध्ये द्राक्षं तोडून पेट्या भरल्या होत्या, बेरीज-गुणाकार सगळा बरोबर. आम्ही आठ शिक्षक ते तपासून पुढे गेलो. कप गोळा करायला आलेल्या शिपाईमामांनी कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "ऑगस्टात कसली द्राक्षं, मॅडम? छाटणीच आमची ऑक्टोबरात." लाल पेन त्यांच्याच हातात दिला.